ओट्याखालची नाली

आमची गल्ली जालन्यात मस्तगडाच्या बाजूला होती. अजून आहे, पण आता तिला कोणी गल्ली म्हणत नाही, रस्ता म्हणतात. मी अकरा वर्षांची होईपर्यंत तिथून, दोन्ही कडांना लावलेल्या सायकली-मोटारसायकलींमधून, एक रिक्षा कशीबशी निघायची. समोरून दुसरी आली की एकीला पार टोकापर्यंत मागं सरावं लागायचं, आणि तेवढ्या वेळात रिक्षातल्या माणसाची आणि ओट्यावरच्या बायकांची चांगली ओळख व्हायची.

आमच्या घराच्या बरोबर समोर काकूंची पिठाची गिरणी होती. काकूंचा नवरा फार पूर्वी वारला होता, एकच मुलगी, ती भोकरदनला दिलेली. गिरणी काकू एकट्या चालवायच्या. पट्टा चढवणं, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावणं, पोती उचलणं, सगळं स्वतः. त्यांच्या भुवयांवर कायम पीठ असायचं. सकाळी ज्वारी-बाजरी, मग गहू, आणि हरभऱ्याची डाळ सगळ्यांत शेवटी, हा नेम त्या कोणासाठी मोडत नसत.

आम्ही गल्लीत नवे होतो. पप्पा भोकरदनकडच्या एका खेड्यातले. शेती भावांवर सोपवून ते एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात स्टोअरला लागले आणि माझ्या जन्माच्या आधी त्यांनी हे छोटं घर घेतलं. आई पहिल्यांदा दळण घेऊन गेली तेव्हा काकूंनी तिचा डबा उचलून रांगेत पहिला लावला. कोणीतरी कुरकुरलं. काकू म्हणाल्या, "तिला आठवा लागलाय. तुला लागला का?" आई ही गोष्ट अजून हसत सांगते. बाळंतपणात आईची आई आजारी पडली म्हणून येऊ शकली नाही, तर मला चाळीस दिवस अंघोळ काकूंनीच घातली.

गिरणीच्या पुढं चार फूट रुंदीचा ओटा होता, शहाबादी फरशीचा. दळणाची वाट बघत बायका तिथं भाजी निवडायच्या, म्हातारी माणसं पेपर वाचायची आणि आम्ही पोरं अभ्यास करायचो. आम्हाला शिकवायचे गुरुजी. काकूंच्या शेजारच्या घरात राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले, कानाने जरा कमी. गिरणी चालू असली की ते पाढे ओरडून म्हणायचे आणि आम्हीही ओरडायचो. "ह्या पोरीला गणित बराबर कळतं," असं त्यांनी एकदा आईला सांगितलं. मला काहीतरी चांगलं येतं हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

त्या ओट्याच्या एका टोकाला फरशी थोडी आखूड पडली होती, तिथं भोक होतं. आमचा चेंडू नेहमी त्यातून आत जायचा. माझे हात बारीक, म्हणून काढायचं काम माझं. आत भिंतीला लागून घडीव दगडांची जुनी नाली होती, कोरडी. बाकी गल्लीत ती नाली कधीच बुजवली होती आणि रस्त्याच्या कडेनं नवी सिमेंटची केली होती. काकूंच्या ओट्याखाली तेवढी जुनी शाबूत राहिली. मोठ्या माणसांना हे माहीत होतं, पण त्याचं कोणाला काही पडलेलं नव्हतं.

मग रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. वीस फुटांचा रस्ता पाहिजे, असं ठरलं होतं. एका रविवारी सकाळी सगळी गल्ली काकूंच्या ओट्यावर जमली. गुरुजींनी समजावून सांगितलं. दोन्ही बाजूंच्या नाल्यांमधलं अंतर मोजायचं, त्याचा मध्य काढायचा, आणि मध्यापासून दोन्हीकडं दहा-दहा फूट. काकूंच्या बाजूला ओट्याच्या कडेची सिमेंटची नाली धरली, तर दोन्हीकडून तीन-तीन फूट जातील. काकूंचा ओटा जाईल पण गिरणी राहील. त्यांच्या बाजूची बाकीची घरं मागं सरून बांधलेली होती, त्यांना फार झळ नव्हती. आमच्या बाजूच्या घरांची एक फुटाची पायरी जाईल आणि पुढची खोली दोन फुटांनी आत जाईल.

"सगळ्यांनीच थोडं थोडं सोसावं, म्हंजे कोणाचं पूर्ण जाणार न्हाई," गुरुजी म्हणाले. "मोजणीच्या दिवशी मी थांबतो. विचारलं तर सांगतो, नाली ती कडेची." मग ते हसले. "बत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलं. आता म्हातारपणी लपवायचं काम घेऊन राह्यलो."

सगळे हसले. पप्पांनीही मान डोलावली. "बिलकुल. काकूंची गिरणी राह्यलीच पाहिजे."

दुपारी घरी आल्यावर पप्पांनी खडू घेतला आणि पुढच्या खोलीच्या फरशीवर आईला रेघा काढून दाखवल्या. आमची ती खोली सात फुटांची. त्यात खिडकीखाली माझं टेबल होतं, नुकतंच सुताराकडून करून घेतलेलं, वर पुस्तकांची फळी. दोन फूट गेले तर टेबल बसणार नव्हतं, आणि खाट ठेवली तर दार उघडणार नव्हतं. आई बराच वेळ त्या रेघांकडं बघत राहिली.

"दुसरा काही उपाय न्हाई का?" तिनं विचारलं.

"एक आहे, पण तो करायचा न्हाई." पप्पांनी काकूंच्या बाजूला अजून एक रेघ ओढली. "ओट्याखालची जुनी नाली धरली तर मध्य दोन फूट तिकडं सरकतो. आपली नुसती पायरी जाईल."

"आणि काकूंचं?"

"ओटा तर जातोच, वर भिंत जाते. गिरणी भिंतीला लागूनच आहे." पप्पांनी पायानं रेघा पुसल्या. "शब्द दिलाय सगळ्यांनी."

मी टेबलाशी वही उघडून बसले होते.

मोजणी उन्हाळ्याच्या सुटीत आली. पप्पा कारखान्यात होते. काकू नातीच्या बारशाला भोकरदनला गेल्या होत्या, गिरणी बंद होती. गुरुजी सकाळपासून खुर्ची टाकून बाहेर बसले होते. माणसं दहाला येणार होती, दीड वाजला तरी पत्ता नाही. गुरुजींना शुगर होती, वेळेवर जेवावं लागायचं. त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना बाई म्हणायचो, दोनदा आवाज दिला. शेवटी ते उठले. मी आमच्या पायरीवर बसले होते.

"बेटा, पाच मिनिटं जेवून येतो. साहेब आले तर जोरात हाक मार मला. मारशील ना?"

मी हो म्हणाले.

ते आत गेले आणि थोड्याच वेळात जीप आली. तरुण साहेब होते, सोबत दोन माणसं. उन्हानं त्यांची तोंडं लाल झाली होती. साहेबांनी पाणी मागितलं. मी तांब्या-पेला आणून दिला. त्यांनी विचारलं, "टेपचं टोक धरशील का?" मी धरलं. आमच्या बाजूच्या नालीवर टोक टेकवून मी बसले आणि त्यांचा माणूस टेप ओढत काकूंच्या ओट्याच्या कडेपर्यंत गेला. साहेबांनी आकडा लिहिला. मग त्यांनी ओट्याकडं नीट बघितलं.

"हा ओटा मागाहून केलेला दिसतो. खाली काय आहे?" त्यांनी आपल्या माणसाला विचारलं. मला नाही विचारलं.

गुरुजींचं दार दहा पावलांवर होतं. मी हाक मारली नाही. टेपचं टोक सोडलं, रस्ता ओलांडला, भोकापाशी गुडघ्यावर बसले आणि आत हात घालून म्हणाले, "इथं जुनी नाली आहे. हे बघा."

माणसानं फरशी सरकवली, मोबाइलचा उजेड टाकला. साहेबांनी वाकून बघितलं आणि आधीचा आकडा खोडला. "हुशार आहे गं तू," ते म्हणाले. पुन्हा टेप धरायला लावली. मग काकूंच्या दाराच्या चौकटीच्याही आत, भिंतीच्या पलीकडं जाईल असा बाण लाल रंगानं भिंतीवर काढला आणि बाजूला आकडा घातला. आमच्या इथं फक्त पायरीवर एक फुली.

गुरुजी तोंड पुसत बाहेर आले तेव्हा जीप वळत होती. त्यांनी लाल बाण बघितला, मग सरकवलेली फरशी.

"बेटा, हाक का न्हाई मारली?"

"मारली. तुम्हाला ऐकू नाही आलं."

त्यांनी एक हात कानाला लावला. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. चपलाही न घालता ते जीपच्या मागं गल्लीच्या टोकापर्यंत गेले.

संध्याकाळी लोक कामावरून आले आणि ओट्यापुढं जमले. "गुरुजी, तुम्ही होते ना इथं?" एकानं विचारलं. गुरुजी म्हणाले, "मी जेवायला गेल्तो." "बराबर त्याच टायमाला?" दुसरा म्हणाला. कोणीतरी मागून बोललं की ह्यांच्या घराला कुठं काय झळ आहे, ह्यांची तर नुसती पायरी जाती. गुरुजींनी सगळ्यांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. मी आईच्या शेजारी उभी होते. ते खरंच जेवायला गेले होते हे फक्त मला आणि बाईंना माहीत होतं, आणि बाईंचं कोण ऐकणार? मी तेवढं एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. बाकीचं नसतं सांगितलं तरी.

पप्पा घरी आले. त्यांनी पायरीवरची फुली बघितली, समोरचा बाण बघितला. आत येऊन हातपाय धुतले.

"तू होतीस का तिथं?"

"हो."

ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "जेव." त्याच्यापुढं आमच्या घरात ह्या विषयावर बोलणं झालं नाही. आईनं त्या दिवशी माझ्या ताटात भाकरी वाढली आणि माझ्याकडं न बघता स्वयंपाकघरात गेली.

मी मोठी झाल्यावर कितीतरी वर्षं स्वतःला हे असं सांगत आले, की अकरा वर्षांची पोरगी होते, साहेबानं विचारलं, मला माहीत होतं, मी दाखवलं. त्यात काय वाईट? पण ते खोटं आहे. मला मध्य काढता येत होता. खडूच्या रेघा मी टेबलावरून नीट बघितल्या होत्या. मी रस्ता ओलांडला तेव्हा माझ्या डोक्यात माझं टेबल होतं, आणि काकूंची भिंत जाणार हेही होतं. दोन्ही एकाच वेळी होतं.

काकू दुसऱ्या दिवशी आल्या. भिंतीवरच्या बाणाला हात लावून बघितला. बायकांनी त्यांना गुरुजींचं नाव सांगितलं. गुरुजी समोरच उभे होते. "वहिनी, मी खरंच..." त्यांनी सुरुवात केली, पण काकूंनी दार उघडलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर त्या गुरुजींशी एक शब्द बोलल्या नाहीत. अर्ज केले, लोक जाऊन भेटून आले, पण लिहिलेला आकडा बदलला नाही.

दिवाळीनंतर पाडायचं मशीन आलं. काकूंच्या घराची भिंत मातीची, जुनी. पुढची पाडली तशी वरची पत्र्याची छपरीही खाली आली. मागं आठ फुटांची खोली उरली. तिथं गिरणी बसवायला जागा नव्हती. जावई टेम्पो घेऊन आले. मोटार, दगड, पट्टा, सगळं चढवलं. काकू पुढं बसायच्या आधी आमच्याकडं आल्या. आईला मिठी मारून रडल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दळणाला आता लांब जावं लागंल तुला. जड डबा उचलू नको, पाठ दुखती." मी त्यांच्या पाया पडले. वर बघायची हिंमत झाली नाही.

रस्ता झाला. पहिले काही दिवस आम्हा पोरांना मजा वाटली, एवढी मोकळी जागा. मग टेम्पो आणि मालाच्या गाड्या बाहेरच्या रस्त्याऐवजी आतून जायला लागल्या आणि आयांनी आम्हाला आत ओढून दारं लावली. बसायला कुठं जागाच उरली नाही. आई मोठ्या दुकानातून पिशवीतलं पीठ आणायला लागली. एखादीच्या घरी कोणी आजारी असलं तर आठ-आठ दिवस समोरच्या घराला कळायचं नाही.

गुरुजी संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे. जाणारे-येणारे मान वळवून जायचे. त्यांनी मला एकदोनदा विचारलं, "गणित कसं चाललंय? येत जा." मी दोन दिवस गेले. ते तसेच शिकवायचे, त्याच उत्साहानं. तिसऱ्या दिवशी मी आईला पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि पुन्हा कधी गेले नाही. त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा गल्लीतली निम्मी घरं गेली नाहीत. आम्ही गेलो. पप्पांनी अगदी पुढं होऊन पंगतीत वाढलं, घाम पुसत वाढलं. तेव्हा मला ते नुसतं चांगुलपण वाटलं.

त्या टेबलावर बसून मी बीएस्सी केलं. आता एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या एका कंपनीत आहे, बी किती उगवतं ते तपासायच्या विभागात. गुरुजी दोन वर्षांपूर्वी गेले. मी खिडकीतून अंत्ययात्रा बघत होते. सात-आठ माणसं होती, त्यात एक पप्पा. गुरुजींना सांगायचं मी दर वर्षी ठरवत होते. परीक्षा झाल्यावर, नोकरी लागल्यावर, असं करत करत.

ह्या वर्षी एका रविवारी मी भोकरदनची बस धरली. काकू मुलीकडं राहतात. गुडघे गेलेत, पण आवाज तोच. मला बघून त्यांनी नातीला चहा टाकायला सांगितलं आणि आईची, पप्पांची, गल्लीतल्या एकेकाची चौकशी केली. गुरुजींचं नाव घेतलं नाही.

मी चहा यायच्या आतच सांगून टाकलं. नाली, टेप, हाक. पप्पांच्या खडूच्या रेघाही सांगितल्या. मला वाटत होतं, त्या रागावतील, नाहीतर जवळ घेतील. मी दोन्हीसाठी तयार होऊन गेले होते.

काकूंनी विचारलं, "गुरुजींना सांगितलं होतं का हे?"

"न्हाई."

"कधीच?"

"न्हाई काकू."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "ते इथं आल्ते. एकदा. एवढ्या लांब, बसनं. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं न्हाई गं. दारातूनच परत गेले." नात चहा घेऊन आली, काकूंनी हातानंच तिला परत जायला सांगितलं. "गिरणीचं जाऊ दे. ती आज ना उद्या बंदच झाली असती, गुडघे गेले माझे. पण हे मी आता कोणाला सांगू? तू आधी का न्हाई आली?"

मी मोकळी व्हायला गेले होते आणि जाऊन त्यांच्या अंगावर नवं ओझं टाकून बसले होते.

थोड्या वेळानं त्या उठल्या, चपला शोधल्या. "चल," म्हणाल्या. "बाई आहेत ना अजून तिथंच?"

मुलगी नको म्हणत होती, गुडघ्यांचं कारण सांगत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. आम्ही जालन्याच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसून आलो. रिक्षातून उतरल्यावर आपल्या घराच्या उरलेल्या खोलीकडं त्यांनी बघितलंही नाही, तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. थेट गुरुजींच्या दारात गेल्या.

बाईंनी दार उघडलं. काकूंना बघून त्या दचकल्या. काकू मला म्हणाल्या, "सांग."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगितलं. मागून गाड्या जात होत्या, त्यामुळं काही शब्द मला पुन्हा मोठ्यानं म्हणावे लागले. सगळं ऐकून झाल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "त्या मोजणीनंतर ते कान तपासायला गेल्ते. मला म्हणले, पोरीनं हाक मारली आणि मला ऐकू आली न्हाई, माझ्यामुळं वहिनीची गिरणी गेली. शेवटपर्यंत तेच म्हणायचे."

मग त्यांनी काकूंचा हात धरला. "या आत, ऊन फार आहे." मला त्यांनी जा म्हटलं नाही आणि ये म्हटलं नाही. दार अर्धं लोटलेलं राहिलं.

मी बाहेरच उभी राहिले. पप्पांनी खिडकीतून बघितलं असणार. ते रस्ता ओलांडून आले, बनियनवरच. आता निवृत्त झालेत, थकलेत.

"सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

आतून दोघी बायकांचं रडणं ऐकू येत होतं. पप्पा भिंतीला हात टेकून उभे राहिले. "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं," ते म्हणाले. "मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. तू लहान होतीस. मी न्हवतो."

त्यांनी दाराची कडी दोनदा वाजवली. कोणी आलं नाही. ते गेले नाहीत, मीही गेले नाही. तासाभरानं काकू बाहेर आल्या, पप्पांकडं आणि माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मला बसवर सोडा." पप्पांनी रिक्षा थांबवली. मी त्यांना आधार देऊन चढवलं, स्टँडवर बस मिळेपर्यंत थांबले. बस निघताना त्यांनी खिडकीतून हात केला का ते मला नीट दिसलं नाही, मधे एक टेम्पो आला.

त्यानंतर मी दोन रविवार बाईंकडं गेले. पहिल्या रविवारी त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्या रविवारी उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसून राहिल्या.